बुआलायच्या दारात अडलेला ट्रॅक्टर

माझा भाचा मू भिक्षू होणार होता, त्या दिवशी त्याला घरापासून विहारापर्यंत खांद्यावरून न्यायचं काम माझ्याकडे आलं. मामाचा मान म्हणे. मूचं वजन पंच्याऐंशी किलो. आदल्या दिवशी डोकं आणि भुवया भादरल्या, त्यात फार तर छटाकभर कमी झालं असेल. पांढरी वस्त्रं, काळा गॉगल, डोक्यावर छत्री, असा तो वर ऐटीत बसलेला आणि खाली माझी मान पोटात चाललेली. पुढे हातगाडीवर कर्णे, मागे नाचणारं अख्खं गाव.

बुआलायच्या नूडल्सच्या टपरीपाशी वरात थांबली. रस्त्यात आडवा ट्रॅक्टर उभा होता, मागे ट्रॉलीभर पोती. एका अंगाला टपरी, दुसऱ्या अंगाला कालवा. शेळीसुद्धा जाणार नाही एवढीच वाट उरलेली.

ट्रॅक्टर खामसिंगचा. हा ट्रॅक्टर किल्लीने चालू होत नसे, ही गावातल्या पोराटोरांना ठाऊक असलेली गोष्ट. खामसिंग रोज संध्याकाळी तो तलावाच्या बांधावर चढवून ठेवायचा आणि सकाळी उतारावरून सोडून, गिअर टाकून चालू करायचा. मग दिवसभर बंद करायचा नाही. लग्नाला गेला तरी मांडवाबाहेर ट्रॅक्टर धडधडत उभा. आज बुआलायची बदकं रस्त्यात आली, याने करकचून ब्रेक दाबला, क्लच दाबायला विसरला, आणि इंजिन गपकन बंद पडलं. तेही कुठे? तर घटस्फोटित बायकोच्या दारात.

बुआलाय झारा घेऊन बाहेर आली. "काय रे खामसिंग, नऊ वर्षांत इकडे फिरकला नाहीस, आणि आलास तो हे धूड घेऊन?"

"मी कशाला येतोय! तुझ्या बदकांनी आणलं मला."

"बदकांना नाव ठेवू नकोस. ती वेळेवर घरी येतात."

खामसिंगने किल्ली फिरवली. 'टक्.' पुन्हा फिरवली. 'टक्.' पुढे काही नाही.

"बॅटरी," प्रायून गुरुजी म्हणाले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून गुरुजींना सगळ्यातलं सगळं कळायला लागलं होतं.

"गेल्या महिन्यातच नवी घेतलीय, गुरुजी. त्याच्या आधीच्या महिन्यातही नवीच घेतली होती."

"मग डिझेलच्या नळीत हवा शिरलीय. पाना आण." गुरुजींनी नट सैल केला आणि नीट बघायला खाली वाकले. डिझेलची पिचकारी थेट त्यांच्या रेशमी शर्टावर. "हवा नाहीये," गुरुजी तोंड पुसत म्हणाले, "डिझेलच आहे."

मग बाराजणांनी ढकलून पाहिलं. ट्रॅक्टर वीतभर पुढे गेला, विचार केल्यासारखा थांबला आणि वीतभर मागे आला.

"मामा, मला भूक लागलीय," वरून मू म्हणाला.

"पाय जमिनीला लागता कामा नयेत, एवढंच ना?" मी म्हणालो आणि त्याला ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर बसवला. माझी मान परत जागेवर आली तेव्हा तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. बुआलायने मूच्या हातात वाडगा दिला. त्याला बघून कर्णेवाल्यांना भूक लागली, मग नाचणाऱ्या बायकांना. टपरीभोवती ही गर्दी झाली.

तेवढ्यात, ज्यांच्या अंगात येतं त्या पेंगआजी पुढे सरसावल्या. "अरे, ट्रॅक्टर मुळात कुणाचा? बुआलायच्या वारलेल्या बापाचा. जावयाने पोरीला सोडलं, म्हणून म्हातारा आत अडून बसलाय."

"मी नाही सोडलं, तिनं सोडलं!" खामसिंग कळवळला.

"ते त्याला सांग." आजींनी बॉनेटवर लाल सरबताची बाटली आणि दोन उकडलेली अंडी ठेवली. "आता विचार. एक टक् म्हणजे नाही. दोन टक् म्हणजे हो."

खामसिंगने हात जोडले आणि मग किल्लीला हात घातला. "बाबा, माझ्यावर अजून राग आहे का?"

'टक्.'

"नाही म्हणाले!" गर्दीत टाळ्या पडल्या. खामसिंगचे डोळे भरून आले. "मग चालू करता का, बाबा?"

'टक्.'

"नाही म्हणाले," आजी म्हणाल्या आणि एक अंडं सोलून खाऊ लागल्या.

विहारातून निरोप आला की मुख्य भिक्षू खोळंबलेत. मूने नूडल्सचा चौथा वाडगा मागितला. बुआलायने पातेल्यात झारा फिरवला, तर तळाला नुसता खडखडाट. तिने पातेलं पालथं घातलं, हात पुसले आणि आतून एक जाड वायर, घासणी आणि चिंचेचा गोळा घेऊन आली.

"सरक," ती खामसिंगला म्हणाली. वायरचं एक टोक तिने बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर दाबून धरलं. "फिरव किल्ली."

ट्रॅक्टर असा गर्जला की मूच्या हातातला वाडगा उडाला. लोक ओरडले, कर्णे वाजले, मी नाचलोसुद्धा. आणि बुआलायने हात घालून इंजिन बंद केलं.

"अगं बाई!" सगळी वरात एका सुरात किंचाळली.

"गप्प बसा. आता दुखणं कळलं, पण बरं कुठे झालंय?" तिने बॅटरीपासून इंजिनला जाणारी पट्टी सोडवली. बोल्टाखाली गंजाचा थर जमला होता. चिंच चोळून, घासणीने घासून, पुसून तिने ती चकचकीत केली आणि बोल्ट आवळला. "वीज येतेय पण परत जायला वाट नाही, मग तो नुसता टक् करणार नाही तर काय गाणं म्हणणार? फिरव."

पहिल्या झटक्यात चालू झाला.

खामसिंग तिच्याकडे बघतच राहिला. "तुला केव्हा कळलं हे?"

"पहिल्या टक्‌ला."

"मग बोलली का नाहीस?"

"पातेलं भरलेलं होतं ना."

रस्ता एवढा अरुंद की ट्रॅक्टरला बाजूला होता येईना. शेवटी वरातीच्या पुढे तोच निघाला, पत्र्यावर गॉगल लावून मू, आणि त्याच्यावर छत्री धरून मी, ट्रॉलीतल्या पोत्यांवर. विहाराभोवतीच्या तीन प्रदक्षिणाही तशाच झाल्या. मुख्य भिक्षूंनी डोळे मिटून घेतले. ध्यानाला बसले की आम्हाला बघायचं नव्हतं, ते त्यांनाच ठाऊक.

संध्याकाळपर्यंत खामसिंग दारोदार जाऊन ट्रॅक्टर बंद करून परत चालू करून दाखवत होता. दिवस कलता कलता तो पुन्हा टपरीसमोर दिसला. इंजिन बंद.

"आता काय झालं?" बुआलायने विचारलं.

"काही नाही. मीच बंद केला."

तिने झारा खाली ठेवला. मग कोथिंबिरीची जुडी त्याच्याकडे फेकून म्हणाली, "थांबलाच आहेस तर ही निवड. आणि मुळं फेकू नकोस, रश्श्यात लागतात."

"ठाऊक आहे," खामसिंग म्हणाला आणि स्टूल ओढून निवडायला बसला.