पाउलिआसीची टोपली

ऐका गं बायांनो! बायबलावर हात ठेवून, गळा फाटेस्तोवर ओरडून सांगते: यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझ्या अळूला कीड लागो आणि डुकरीण वांझ राहो!

त्या आठवड्यात चर्चच्या हॉलात मांडीला मांडी लावून अख्खं बेट बसलं होतं. कारण पाउलिआसी आला होता, मुख्य बेटावरून, बोटीनं. पांढरा सदरा, कमरेला मानाची कोरी चटई गुंडाळलेली, आणि आवाज असा, की खेकडासुद्धा बिळातून येऊन आमेन म्हणेल. लोकांच्या मनातलं ओळखतो म्हणे. सोबत बायको, एमेलिने. दोघं उतरले कुणाकडे? माझ्याकडे! अळूच्या पानात नारळाचं दूध घालून मांस भाजलं मी त्यांच्यासाठी, रोज. निजायला माझ्या लग्नातली चटई दिली.

हॉलच्या दारात एमेलिने टोपली घेऊन बसायची.

"फोन इथं ठेवा, माते. फोनच्या लहरी देवाला आडव्या येतात. आणि तुमचं आवडतं स्तोत्र कोणतं, त्याचा नंबर सांगा. पाउलिआसीभाऊ तेवढं गातात, की काळजाचं दार उघडलंच!"

मग ती चिठ्ठीवर नाव आणि नंबर लिहून फोनला चिकटवायची. अदलाबदल नको म्हणून. मी तर छाती फुगवून सांगितलं, "दोनशे सतरा!"

टोपली मागच्या खोलीत जायची, आणि इकडे अर्धा तास गाणी चालायची. मग पाउलिआसी हात धुवायला मागच्या खोलीत जायचा. देवाचा निरोप ओल्या हातांवरच येतो म्हणे. आला, की डोळे मिटून सुरू.

पास्टरच्या बायकोला म्हणाला, "तुला सासूच्या हातचं जेवण गिळवत नाही!" बाई पांढरीफटक. सासू लालबुंद. हॉल म्हणतोय, आमेन!

मंगळवारी त्यानं बोट केलं ते माझ्या लोसालीनेकडे. पन्नास वर्षांची मैत्रीण माझी. आम्ही एका पातेल्यात जेवलो, एकाच पोराच्या प्रेमात पडलो, आणि दोघींनी मिळून त्याला सोडला.

"तुझ्या छातीत गाठ आहे," तो म्हणाला. "डॉक्टरानं गुरुवारच्या बोटीनं बोलावलंय, कापायला. लेकीपासून लपवलंस तू. जाऊ नकोस! मी मंतरलेलं तेल देतो, ते पी."

लेक शेजारीच बसली होती. तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो अजून माझ्या कानात आहे.

बाहेर लोसालीनेनं मला गाठलं. "मेलेआने, मी फक्त तुला लिहिलं होतं."

"अगं, मी कुणापाशी चकार शब्द काढला नाही!"

"मग देवानं सांगितलं असेल. देवानं सांगितलं, तर मी तेल पिते, बोटीत पाय ठेवत नाही. आणि तू सांगितलं असशील, तर मला तोंड दाखवू नकोस. दोन्हीतलं एक काय ते बोल."

मी तशीच घरी आले, फोन उघडला. टोपलीत टाकण्याआधी मी त्यावर कोंबड्यांची झुंज बघत होते. आता समोर लोसालीनेचा निरोप उघडा होता.

आणि माझ्या डोक्यात वीज चमकली. फोन घेताना दुकानदार म्हणाला होता, "कुलपाला मरतानाही विसरणार नाही असा आकडा घाला." सगळ्या बेटानं घातला काय? आवडत्या स्तोत्राचा नंबर! आकडे चार लागतात, म्हणून पुढे एक शून्य. पास्टरचा तोच प्रकार, मास्तरांचा तोच, माझाही तोच. आणि मी तो दारात उभी राहून ओरडले होते!

थापा मारायची सवय मला जन्माची. तेव्हाच्या तेव्हा माझ्याच नंबरवर एक निरोप लिहिला: "सेमिसीची कवळी डुकरानं गिळली. कुणाला सांगू नको. बिचारा घासागणिक रडतो."

सेमिसी माझा नवरा.

बुधवारी टोपली, चिठ्ठी, गाणी, हात धुणं, सगळं यथासांग झालं. पाउलिआसी डोळे मिटून थरथरला. "माते मेलेआने! मला अंधार दिसतोय... पोट दिसतंय... डुकराचं पोट! आत दात आहेत! तुझा नवरा शोकात आहे!"

"कोण, मी?" म्हणून सेमिसी उठला. हसला, तर बत्तीसच्या बत्तीस. मग कोपऱ्यातला नारळ उचलून त्यानं दातांनी टराटरा सोलला. अख्खा हॉल हसला.

मी उभी राहिले. "ही थाप मी काल फोनमध्ये लिहिली. देवाला फसवता येत नाही, त्याला सेमिसीचे दात ठाऊक आहेत. पाउलिआसी, हात धुताना बायको काय वाचून दाखवते?"

मास्तरांनी मागचं दार ढकललं. एमेलिनेच्या मांडीवर टोपली, हातात पास्टरचा फोन. उघडा.

आता कुणीच हसलं नाही.

"माझ्या घरचं जेवलात तुम्ही," मी म्हणाले. पाउलिआसी आपल्या ओल्या हातांकडे बघत राहिला.

बायांनो, देव फोन चाळत बसत नाही, माणसं बसतात. जो आकडा गावाला पाठ, ते कुलूप नव्हे. बदला तो आजच, आणि कुणी गोड बोलून विचारला तर कपाळाला आठी घाला. ज्या चमत्काराला तुमचा फोन लागतो, त्याला चोरी म्हणतात. आणि कुणी म्हणालं डॉक्टर सोडा, तर त्यालाच सोडा. तुमच्या फोनात तुम्ही एकट्या नसता गं. ज्यांनी विश्वासानं तुम्हाला काही लिहिलं, तीही माणसं असतात.

गुरुवारी धक्क्यावर मी लोसालीनेला म्हटलं, "पटलं ना, मी सांगितलं नव्हतं?"

"पटलं," ती म्हणाली. "पण माझं गुपित मी तुझ्याकडे ठेवलं होतं, मेलेआने. आणि तू चारचौघांत किल्ली देऊन मोकळी झालीस."

लेकीचा हात धरून ती बोटीत चढली. बोट सुटली, तशी ती वळली, आणि ठिपक्याएवढी होईपर्यंत मला हात हलवत राहिली.

शपथ घेतलीय, तर सांगूनच टाकते. कवळी, डुक्कर, नारळ, सगळं झालं तस्संच. तो हलवलेला हात तेवढा मी पदरचा घातला. ती माझ्याकडे पाठ करून बसली होती.