तीन दोऱ्यांची पेटी

मित्रांनो, मी एक पेटी आहे. जुनी म्हणा, पत्र्याची म्हणा, पोचे आलेली म्हणा, मला राग नाही. पण 'डबा' म्हणाल तर खबरदार! डब्यात पीठ असतं. माझ्यात माणसं आहेत, कागदांवरची का होईना.

एका पत्रेवाल्याने मला दुकानाच्या पायरीवर बसून ठोकून ठोकून घडवलं. झाकण असं बसवलं की मुंगीचीही आत शिरायची टाप नव्हती. आजी तेव्हा नवी नवरी होती. तिने मला घरी आणलं आणि खिळ्याने झाकणावर स्वतःचं नाव कोरलं. दोन इयत्ता शिकलेल्या बाईला तेवढंच लिहिता येत होतं.

या घरात पिढीतल्या पहिल्या मुलीला एकच नाव ठेवतात. आजीचं होतं तेच तिच्या लेकीला ठेवलं, आणि पुढे मुलाच्या मुलीलाही तेच. म्हणून घरात म्हणतात थोरली, मधली आणि धाकटी. पोस्टमनने दारात नाव पुकारलं की तिघी ओ द्यायच्या आणि पत्र भलतीच वाचून मोकळी व्हायची.

तिघींचे कागद माझ्याच पोटात. आजीने त्यांचे तीन गठ्ठे केले. स्वतःचा पांढऱ्या दोऱ्याने बांधला, लेकीचा निळ्या, नातीचा लाल. गाठ अशी, की दात लावल्याशिवाय सुटायची नाही. "वाचणारे चुकतील, माझा दोरा चुकायचा नाही," असं ती तोऱ्यात सांगायची. तेव्हा मला रोज पुसायचे. पाहुण्यांसमोर मिरवायचे.

मग घरात लोखंडी कपाट आलं आणि माझी रवानगी न्हाणीघराच्या भिंतीपाशी झाली. ओल लागली. तळाला गंज चढला. त्या गंजाने काय केलं ते सांगायची मला अजून लाज वाटते. तळाशी मधलीचं लहानपणचं दवाखान्याचं कार्ड होतं. त्यावरचं वय आणि तारीख मी खाऊन टाकली. नाव तेवढं उरलं.

त्यातच एकदा आजीच्या मुलाला, म्हणजे धाकटीच्या बापाला, कसलासा दाखला हवा होता. त्याने लाल आणि निळा, दोन्ही गठ्ठे सोडले. दाखला मिळाल्यावर हाताला लागला तो दोरा गुंडाळला आणि बुटाच्या नाडीसारखं फूल बांधलं. "नाव तर एकच आहे," म्हणाला. मी सगळं पाहिलं. पण पत्र्याला तोंड कुठलं?

आठच दिवसांनी धाकटीच्या पायाची जखम चिघळली. पाय सुजला, अंग तापाने फणफणलं. आजीने मला काखोटीला मारलं आणि नातीला घेऊन दवाखाना गाठला.

नर्सने नातीचं नाव विचारलं. आजीने झाकणावरच्या स्वतःच्या नावावर बोट ठेवलं, तेव्हा नर्स म्हणाली, "तुमचं आणि नातीचं एकच नाव? आमच्यात जिवंत माणसाचं नाव बाळाला ठेवत नाहीत हो."

शेजारच्या खाटेवरचे म्हातारबुवा म्हणाले, "आमच्यात बापाचंच नाव मुलाला. कामासाठी हाक मारली की दोघंही ऐकत नाहीत."

"आमच्यात तिघींना ऐकू जातं," आजी म्हणाली, "आणि काम करते मी एकटी."

नर्स हसली. "एखादं औषध सोसत नाही का हिला?"

"सगळं कार्डावर आहे. वाच की, शिकलीस ना?" आजीने लाल दोरा ओढून कार्ड दिलं आणि नातीच्या कपाळावर ओली पट्टी ठेवायला वळली.

नर्सने कार्डाच्या दोन्ही बाजू पाहिल्या, "बरं" म्हटलं आणि औषध सुईत भरायला घेतलं.

मित्रांनो, ते कार्ड मधलीचं होतं! धाकटी तीन वर्षांची असताना याच औषधाने तिचा श्वास अडकला होता. तिच्या कार्डावर ते लाल शाईने लिहिलं होतं, आणि ते कार्ड निळ्या दोऱ्यात बांधलेलं माझ्या पोटात पडून होतं. मी ओरडणार कशी?

नर्सने धाकटीची बाही वर केली. इकडे आजी सवयीने दोरा बोटाला गुंडाळत होती. मध्येच तिचं बोट थांबलं. तिने दाताला जीभ लावून पाहिली.

"ए पोरी, थांब! हात मागे घे!"

"काय झालं, आजी?"

"दोरा एका ओढीत सुटला. ही गाठ माझी नाही!"

तिने मला तिथेच फरशीवर उपडं केलं. नर्स गुडघ्यावर बसून कागद चाळू लागली. लाल शाई दिसली तशी तिने सुई ट्रेमध्ये ठेवली. मग डॉक्टरांनी औषध बदललं, आणि आठवड्याने धाकटी आपल्या पायांनी घरी आली.

"आई, पुरे आता हे एकच नाव," मुलगा म्हणाला.

"नावाला बोल लावू नकोस. तुझ्या त्या फुलाला लाव," आजी म्हणाली. मग जरा हळू आवाजात, "आणि थोडा मलाही लाव. ओढलं तेव्हाच कळायला हवं होतं."

आता धाकटीने प्रत्येक गठ्ठ्यावर ठळक अक्षरात जन्मतारीख लिहिली आहे. जे औषध चालत नाही, तेही. वर गाठ मात्र आजीचीच.

तुमच्याही घरात अशी एखादी पेटी असेल. आतलं काढलंत तर होतं तसं परत ठेवा. बाहेरून कोरडी ठेवा. आजीने माझ्या तळाशी हिरव्या दोऱ्याची एक गुंडी ठेवली आहे, चौथीसाठी. आणि आज हवा दमट आहे. कुणीतरी फडकं आणा रे.