‘कट’नंतरचे नऊ सेकंद

माझ्या भाचीला तीसपैकी शून्य मार्क मिळाले, आणि ते माझ्यामुळे मिळाले. हे मी म्हणत नाही, माझी धाकटी बहीण म्हणते. सकाळी सकाळी फोन करून मला म्हणाली, "ताई, तू तोंड मिटून बसली असतीस ना, तर पोरगी पास झाली असती." साठी उलटलेल्या मोठ्या बहिणीशी असं बोलतात का? पण तिनं लहानपणापासून माझा मान कधी ठेवलाय म्हणून आज ठेवेल!

भाची चित्रपटाच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. लहानपणी इतकी किडकिडीत होती की आम्ही तिला सुतळी म्हणायचो, अजूनही म्हणतो. तर या सुतळीच्या पेपरात एका जुन्या चित्रपटाचा शेवटचा प्रसंग दाखवला आणि विचारलं, की यात कॅमेरा, प्रकाश आणि संकलन यांतून अर्थ कसा उभा राहतो ते लिहा. तो चित्रपट एकतीस वर्षांपूर्वी कुणी कापला होता? मी. एडिटिंग टेबलावर पाठीचा कणा मोडेपर्यंत बसून, या दोन हातांनी. सुतळीला वाटलं लॉटरीच लागली. तिनं मावशीकडून लहानपणापासून ऐकलेलं सगळं लिहून टाकलं.

प्रसंग असा आहे. एक आई खिडकीपाशी बसलीय. तरणाताठा मुलगा बॅग घेऊन घर सोडून चाललाय. तो उजवीकडच्या दारातून बाहेर पडतो. आई म्हणते, "जा." आणि मग ती उजवीकडे नाही, डावीकडे बघते. कुठे बघते ते दिसत नाही. तोंडाला पदर लावून नऊ सेकंद नुसती बघते, आणि चित्रपट संपतो. बस. या नऊ सेकंदांवर सुतळीच्या प्राध्यापकांनी चाळीस पानं लिहिलीत. पुस्तकाची तिसरी आवृत्ती निघालीय म्हणे. मुलं त्यांना प्रतिमासर म्हणतात, कारण प्रतिमा हा शब्द घातल्याशिवाय त्यांना साधं पाणीसुद्धा मागता येत नाही.

ती चाळीस पानं मी वाचलीत. खिडकीचे गज म्हणजे समाजाचा तुरुंग. अहो, खोली भाड्याची होती आणि घरमालक गज काढू देईना! दिवा मध्येच फडफडतो तो म्हणजे विझत चाललेलं मातृत्व. डोंबल! होल्डर ढिला होता. लाइटवाला स्टुलावर चढून दर टेकच्या आधी तो पिळायचा आणि आम्हाला शिव्या द्यायचा. आणि ती डावीकडची नजर? तिच्यावर तर सरांनी अकरा पानं खर्च केलीत. म्हणे, मोठा झालेला मुलगा उजवीकडून जातोय, पण ही आई त्याला बघतच नाहीये. ती डावीकडे, म्हणजे मागे, काळाच्या उलट दिशेला, तिच्या लहानग्या बाळाला शोधतेय. शरीर इथे, जीव त्या बाळापाशी. आणि हे सगळं थोर दिग्दर्शकांनी नटीला कानात सांगितलं होतं. दिग्दर्शकसाहेबांनीच एका मुलाखतीत तसं म्हटलंय ना! साहेब आता हयात नाहीत, त्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा.

साहेबांनी कुणाच्या कानात काही सांगितलं नव्हतं. ते जे काय सांगायचे ते ओरडूनच.

खरी गोष्ट मी सांगते. आमच्या कॅमेरामनला एक खोड होती. दिग्दर्शक ‘कट’ म्हणाला तरी हा पठ्ठ्या लगेच कॅमेरा बंद करायचा नाही, आठ-दहा सेकंद चालूच ठेवायचा. फिल्म वाया जाते म्हणून निर्माता डोक्यावर मिऱ्या वाटायचा, पण हा ऐकेल तर शपथ. त्या उरलेल्या तुकड्यांना मी शेपट्या म्हणायचे. बाकीचे संकलक शेपट्या केरात टाकत, मी त्या बघत बसायचे. ‘कट’ ऐकलं की माणूस नाटक सोडतो आणि त्याचा चेहरा त्याचा होतो. तर ती सुप्रसिद्ध नजर म्हणजे अशीच एक शेपटी आहे. अभिनय संपल्यावरची. ती तिथे लावली मी. साहेबांना तर ‘जा’वरच संपवायचं होतं. त्यांनी तो शेवट पाहिला तेव्हा मला म्हणाले, "हे कधी शूट केलं मी?"

आणि ती कुठे बघत होती? चहा आला का ते बघत होती. हे मी एकतीस वर्षं सांगत आलेय. पहिल्या खेळाच्या पार्टीत कुणीतरी डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "बाई काय बघतायत हो तिकडे?" मी म्हटलं, "चहावाल्याला." सगळे इतके हसले की ती गोष्ट माझी झाली. लग्नात, बारशाला, कुणीही सिनेमाचा विषय काढला की मला ती सांगावीच लागायची.

सुतळीनं तेच लिहिलं. नजर ‘कट’नंतरची आहे, निवड संकलकाची आहे, दिग्दर्शकाची नाही, आणि नटी चहाची वाट बघतेय. प्रतिमासरांनी समासात लाल शाईनं लिहिलं: ‘पुरावा? मावशी हा संदर्भग्रंथ नव्हे.’ खाली गोल शून्य.

शून्य गेलं खड्ड्यात हो, पण त्यामुळे ती त्या विषयात नापास. नापास म्हणजे वर्ष गेलं. आणि एका स्टुडिओत तिला सहायक संकलक म्हणून घेतलंय, एक तारखेला हजर व्हायचंय, हातात प्रमाणपत्र असेल तर. पोरीनं त्या नोकरीसाठी वर्षभर दुसऱ्यांच्या लग्नाचे व्हिडिओ कापलेत. ती रडली असती तर मी समजूत घातली असती, पण ती नुसती म्हणाली, "जाऊ दे मावशी, तुझी चूक नाही." हे वाक्य माझ्या फार जिव्हारी लागलं.

पुरावा हवाय काय? देते पुरावा. मी माळ्यावरून शेपट्यांचा डबा काढला. चित्राचा तुकडा चित्रपटात गेला होता, पण शूटिंगच्या वेळचा कच्चा आवाज वेगळ्या पट्टीवर असायचा, आणि ती पट्टी कापून मी डब्यात टाकली होती. वर माझ्याच अक्षरात चिठ्ठी: ‘शेवट, टेक एक, कटनंतर, नऊ सेकंद’. त्या पट्टीवर साहेबांचा ‘कट!’ ऐकू आला की प्रतिमासरांची अकरा पानं गेली भंगारात. फेरतपासणीचा अर्ज केला आणि गुरुवारी अकरा वाजता आम्ही दोघी कॉलेजात हजर झालो.

विभागप्रमुख बाई सज्जन निघाल्या. म्हणाल्या, आवाज ऐकू आणि काय ते ठरवू. कॉलेजात एक जुनं एडिटिंग टेबल आहे, काचेमागे ठेवतात तसं जपलेलं, त्यावर कुणीतरी दोन कुंड्या ठेवल्या होत्या. सुतळीनं कुंड्या उचलल्या, फडक्यानं टेबल पुसलं आणि पट्टी अशा सफाईनं ओवली की मला तिचा अभिमान वाटला. प्रतिमासर छातीशी पुस्तक धरून उभे.

"मॅडम, आपल्याबद्दल मला आदर आहे," ते मला म्हणाले, "पण कारागिराला नेहमीच आपल्या कामाचा अर्थ कळतो असं नाही."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "त्यासाठी पुस्तक लिहावं लागतं."

विभागप्रमुख बाईंनी खोकल्यासारखं केलं. सुतळीनं पडद्यावर चित्र लावलं, त्याच्याशी आवाज जुळवला आणि कळ दाबली.

आई म्हणाली, "जा." लगेच साहेबांचा आवाज गरजला, "कट!" मी प्रतिमासरांकडे बघून हसलेसुद्धा. मग पडद्यावर तिनं डावीकडे पाहिलं. डावीकडे साहेबांची खुर्ची असायची. आणि स्पीकरमधून त्या पदराआडचा तिचा आवाज आला, अगदी हळू.

"सर, आता जाऊ का हो मी? बाळाला फार ताप आहे. सकाळपासून शेजारी टाकून आलेय."

ती बघतेय. मग साहेब: "थांब गं, अजून एक घेऊ. लाइट हलवू नका रे."

पट्टी संपली आणि रीळ नुसतं फटफट फिरत राहिलं. ते बंद करायचं कुणाला सुचेना. चौतीस वर्षांची होती ती तेव्हा, साठीची आई करत होती.

चहाचा एक शब्द नव्हता. कधीच नव्हता. आणि मला हे माहीत होतं! ही पट्टी मीच ऐकली होती, दहादा, वीसदा, कुठे कापायची ते ठरवायला. तिचं बोलणं नको म्हणून आवाज मीच काढला आणि वर संगीत लावायला सांगितलं. नजर तेवढी ठेवली, कारण नजर सोन्यासारखी होती. मग पार्टीत कुणीतरी विचारलं, आणि खरं सांगायची लाज वाटली म्हणून मी विनोद केला. एकदा केला, पन्नासदा केला, पुढे मला स्वतःलाच तो खरा वाटायला लागला. माणूस स्वतःच्या डोक्यातसुद्धा इतक्या सफाईनं कात्री चालवतो याची मला कल्पना नव्हती.

सुतळी माझ्याकडे बघत होती. "मावशी, तुला ठाऊक होतं?"

"होतं," मी म्हटलं.

प्रतिमासर खुर्चीवर बसले. मला वाटलं आता हे जिंकल्याचा झेंडा लावणार, कारण त्यांचंच खरं निघालं होतं की. शरीर इथे, जीव बाळापाशी. त्यांनी कुणालाही न विचारता, नुसतं पडद्याकडे बघून ते ओळखलं होतं, आणि मी कानांनी ऐकून दडपलं होतं. पण त्यांनी चष्मा काढून पुसला, उत्तरपत्रिका पुढे ओढली आणि शून्यावर काट मारून एकोणीस केले.

"निवड संकलकाची, हे सिद्ध झालं," ते म्हणाले. "अकरा चहाचे कापतोय."

मी वाद घातला नाही. सुतळी पास झाली, एक तारखेला नोकरीवर गेली. बहिणीचा फोन आला, "ताई, तू होतीस म्हणून!" ही बाई एका महिन्यात दोन्ही तोंडांनी बोलते, पण मला त्या दिवशी तिच्यावर चिडायचीही ताकद नव्हती.

नटीशी माझं वीस वर्षांत बोलणं नव्हतं. जुन्या मेकअपवाल्याकडून नंबर मिळवला. तीन दिवस तो कागद फोनखाली ठेवून घरात फेऱ्या मारल्या, भांडी घासली, स्वच्छ असलेलं कपाट पुन्हा आवरलं. शेवटी लावला एकदाचा. मनात ठरवून ठेवलं होतं की आधी माफी मागायची, मग बाकीचं.

"अगं, आवाजावरून ओळखलं," ती म्हणाली. "अजून तशीच खेकसतेस."

मी तिला सगळं सांगितलं. पट्टी, कॉलेज, चहा. ती म्हणाली, "म्हणजे तू ऐकलं होतंस."

"हो, ताई."

"मी पोचले ना घरी, तर पोरगं शेजारणीच्या मांडीवर. तोंड लालबुंद. मी हात पुढे केले, तर येईना माझ्याकडे. रडायलाच लागलं. शेजारीण म्हणाली, अहो तुमच्या केसांना काय झालंय? ती पांढरी पावडर. धुवायला थांबलेच नव्हते गं मी. ओळखलंच नाही मला त्यानं." मग जरा हसली. "आता बघ, टक्कल पडलंय त्याला. मजेत आहे."

मी म्हटलं, "ताई, मला माफ..."

"साहेबांनी त्यानंतर आणखी चार टेक घेतले होते," ती मध्येच म्हणाली. "त्यातला कुठला लावलास?"

खोटं बोलायची माझी तयारी होती. एकतीस वर्षांची सवय होती.

"एकही नाही," मी म्हटलं. "पहिलाच लावला."

पलीकडे कुणीतरी नळ सोडला, बंद केला.

"तो पिक्चर मी कधी पाहिलाच नाही गं," ती म्हणाली. "धीर नाही झाला. पण लोक भेटले की सांगतात, शेवटी माझी नजर फार छान आहे म्हणून. आहे का?"

माफीचे सगळे शब्द मला पाठ होते. पण तिनं ते विचारलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "छान आहे."