जाळीतली पुरचुंडी

न्हाणीघर ते केवढं, आणि त्यात माणसं किती! एक जण बादली पालथी घालून तिच्यावर उभा, दोघी नळाला चिकटून, उंबऱ्यात आजी-सून-नात अशा तीन पिढ्या, आणि मागच्या खोलीत खुर्च्यांवर चढून टाचा उंचावणारे वेगळेच. सगळ्यांच्या माना वर, छताजवळच्या लोखंडी जाळीकडे. जाळीतून आवाज येत होता. "हूँऽऽऽ... हूँऽऽऽ..." कुणीतरी दुखण्यानं कण्हावं तसा.

जाळीखाली मौनीबाबा उभे होते. नाव मौनी, पण तोंडाचा पट्टा आल्यापासून सुरू होता.

"घाबरू नका! मी आहे तोवर केसालाही धक्का लागणार नाही. हा अतृप्त जीव आहे. ही इमारत बांधताना कुणीतरी वरून पडलंय. पडलंय की नाही?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. पण एवढी उंच इमारत म्हटल्यावर पडलंच असेल कुणीतरी, अशा हिशेबानं माना डोलल्या.

बाबांनी जाळीकडे बोट रोखलं. "कोण आहेस? काय हवंय तुला? बोल!"

क्षणभर नुसतं कण्हणं. मग आतून घोगरा आवाज आला, "तहाऽन... तहान लागलीय..."

नळाजवळच्या एकीनं किंकाळी फोडली. बादलीवरचा गृहस्थ बादलीसकट घसरला. बाबांनी मात्र शांतपणे झोळीतून उशीएवढी एक लाल पुरचुंडी काढली, कपाळाला लावली आणि एका धट्ट्याकट्ट्या शेजाऱ्याच्या हाती दिली. "घाल आत. गच्च! बोटभरही फट राहता कामा नये."

पुरचुंडी जाळीच्या खोबणीत गच्च बसली आणि कण्हणं थांबलं. एकदम. इतकी शांतता झाली की नळाचं ठिबकणं ऐकू आलं. मग हात जोडले गेले, कुणी रडलं, कुणी बाबांच्या पायांशी वाकायला गेलं आणि जागेअभावी दुसऱ्याच्याच पायांशी वाकलं.

"बाबा, एक शंका आहे," मागून आवाज आला.

हे मास्तर. शाळेत विज्ञान शिकवायचे. हे घर त्यांच्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं. अक्का एकटी राहायची. कित्येक दिवस त्या कण्हण्यानं तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, म्हणून मास्तर गावाच्या दुसऱ्या टोकाहून आले होते. येऊन बघतात तो घरात जत्रा.

"आत्मा भिंतीतून आरपार जातो म्हणतात," मास्तर म्हणाले. "मग त्याला कापूस कसा अडवतो?"

"कापूस नाही अडवत बाळा, मंत्र अडवतो."

"मग पुरचुंडी थोडी सैल बसवली तरी चालेल?"

बाबांचा पट्टा पहिल्यांदाच अडखळला. "सैल? सैल बसवणं म्हणजे मंत्राचा अपमान!" आणि मास्तरांकडे पाठ करून ते गर्दीला म्हणाले, "ऐका सगळे. प्रत्येक घराच्या जाळीत एकेक पुरचुंडी. एकानं जरी काढली, तर तो जीव त्या घरातून बाहेर पडेल आणि मग साऱ्या इमारतीला भोगावं लागेल. नंतर माझ्याकडे रडत येऊ नका."

या धमकीची मास्तरांना तेव्हा गंमत वाटली. ती गंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मास्तर गच्चीवर गेले. साऱ्या न्हाणीघरांची कोंदट हवा एकाच उभ्या चौकोनी नळकांड्यातून वर जायची. लोक त्याला डक्ट म्हणत. त्याच्या तोंडावर हवा ओढणारा भलामोठा पंखा होता, हल्लीच बदललेला. बसवणाऱ्यानं तो थेट पत्र्यावर आवळला होता, मध्ये रबराचा तुकडासुद्धा नाही. पंखा थरथरला की पत्रा थरथरे, पत्रा थरथरला की सगळं नळकांडं गुणगुणे, आणि तीच गुणगुण घरोघरी कण्हणं होऊन उतरे. मास्तरांनी बटण बंद केलं. अतृप्त जीव तृप्त झाला. बटण चालू केलं. पुन्हा अतृप्त.

मग ते तळमजल्यावर गेले. तिथलं घर रिकामं होतं, आणि किल्ली बाबांच्या शिष्याकडे होती, झोळ्या ठेवायला म्हणून दिलेली. शिष्यानं कुलूप लावायचे कष्ट घेतले नव्हते. न्हाणीघरात जाळीखाली एक स्टूल होतं आणि स्टुलाशेजारी पाण्याची बाटली. तहानलेल्या आत्म्याची सोय चोख होती.

त्याच संध्याकाळी मास्तरांनी कालच्याच लोकांना अक्काकडे गोळा केलं. पुन्हा तीच दाटी. मास्तरांनी जाळीतली पुरचुंडी ओढून काढली. "हूँऽऽऽ!" लोक मागे सरले. मास्तरांनी घरून आणलेली जुनी उशी उसवली, तिचा मळका कापूस एका पिशवीत कोंबला आणि पिशवी जाळीत दाबली. आवाज बंद.

"या कापसावर कसलाही मंत्र नाही," मास्तर म्हणाले. "यावर फक्त माझं डोकं ठेवलेलं आहे, बरीच वर्षं. आता पिशवी काढतो आणि खाली जातो. तुम्ही इथेच थांबा, ऐका."

तळमजल्यावरच्या स्टुलावर चढून त्यांनी जाळीला तोंड लावलं. "तहाऽन... तहान लागलीय... अक्का, चहा टाक! साखर कमी!"

वरून आधी किंकाळी ऐकू आली, मग खळखळून हसणं. मास्तर जिने चढून येईपर्यंत हसणं ओसरलं नव्हतं. इमारतीचे सेक्रेटरी तर डोळे पुसत होते. "मास्तर, मानलं तुम्हाला! आम्हाला चक्क उल्लू बनवलं की हो त्यानं!"

"हसताय तोवर आणखी एक बघा," मास्तर म्हणाले. पातळ कागदाचा कपटा त्यांनी उघड्या जाळीला लावला. पंख्याच्या ओढीनं तो जाळीला चिकटून राहिला. मग पुरचुंडी बसवून पुन्हा लावला. कपटा भिरभिरत खाली पडला. "पुरचुंडी आवाज अडवते, तशी हवाही अडवते. तुमचे गॅसचे गीझर याच बंद खोलीत पेटतात. त्यांचा धूर कुठून जातो? या जाळीतून. वाट मिळाली नाही की तो इथेच साठतो. त्यातल्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते आणि तो उठत नाही. आवाज नको ना? मलाही नको. पण हवेला वाट ठेवून तो अडवता येतो. पंख्याखाली रबर घाला. आणि जाळीवर लाकडी पेटी बसवा, आत आडव्यातिडव्या फळ्या, फळ्यांना स्पंज. हवा वळणं घेत निघून जाते. आवाज दर वळणावर आपटतो आणि स्पंजात मुरतो. अक्काची पेटी मी स्वतः करून आणतो, मग तुम्हीच ऐका."

टाळ्या पडल्या. रबराचा विषय मीटिंगमध्ये घेतो, असं सेक्रेटरींनी सांगितलं. इमारतीच्या मीटिंगमध्ये गेलेला विषय सहसा परत येत नाही, पण मास्तर त्या घटकेला गड जिंकल्याच्या थाटात होते.

सगळे पांगल्यावर अक्का शिवणयंत्राशी जाऊन बसली. जन्मभर तिनं लोकांचे कपडे शिवले होते. यंत्राशेजारच्या टोपलीत लाल कापडाची कात्रणं पडली होती.

"धाकट्या, उगाच एवढा घसा फोडलास," ती म्हणाली. "पुरचुंडीत नुसता कापूस आहे ते मला ठाऊक होतं. मीच शिवल्यात त्या सगळ्या. जुन्या गाद्यांचा कापूस. शेजारच्या वहिनींनी आणून दिला, बाबांनी सांगितलं म्हणून."

मास्तरांनी टोपलीतलं एक कात्रण उचललं. "मग काल तोंड का नाही उघडलंस?"

"उघडून जाऊ कुठे? माझा गुडघा हा असा. दूध त्या वहिनी आणतात. औषधं सेक्रेटरींची सून आणते. मी पडले तर माझ्या दाराची किल्ली त्यांच्याकडे, तुझ्याकडे नाही. तू शहाणपण शिकवून तुझ्या घरी जाशील रे. मला यांच्यात राहायचंय."

"अक्का, तुला हात जोडतो. पेटी आणेपर्यंत गीझर लावू नकोस. पाणी स्वयंपाकघरात तापव. आणि काही झालं तरी जाळीत ती पुरचुंडी घालू नकोस."

"बरं," अक्का म्हणाली. हट्टी मुलाला म्हणावं तसं.

मास्तरांनी सुताराकडून फळ्या कापून आणल्या, शाळा सुटल्यावर बसून स्पंज चिकटवला. पेटीचं झाकण तेवढं राहिलं होतं, तेव्हा फोन आला.

अक्का न्हाणीघरात सापडली होती. दार आतून बंद, गीझर पेटलेला, नळ वाहता. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. ते म्हणाले, "कोंडलेला धूर. त्यांना कळलंही नसेल. जाळीत कापूस कोंबलेला होता. कुणी कोंबला?"

मास्तरांनी वर पाहिलं. जाळीत लाल पुरचुंडी होती. गच्च.

अंत्यविधी उरकून सगळे अक्काच्या खोलीत परतले, तर मौनीबाबा येऊन बसलेले. खाली मान, डोळे मिटलेले, आणि तोंड अर्थातच उघडं. "मी सांगून गेलो होतो. नास्तिक हात लागला, पुरचुंडी बाटली, त्या जिवानं बळी घेतला. आता नव्या लागतील. दुप्पट जाड."

आठवड्यापूर्वी पोट धरून हसलेली तीच माणसं माना डोलवत होती. मास्तरांच्या अंगाचा संताप संताप झाला. ते उभे राहिले, पण आवाज चढला नाही. तेवढं बळच उरलं नव्हतं.

"माझ्या बहिणीला भुतानं मारलं नाही," ते म्हणाले. "बंद जाळीनं मारलं. डॉक्टरांना विचारा. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवू नका, बाबांवरही ठेवू नका. कागदाचा कपटा घ्या आणि आपल्या जाळीला लावून बघा. चिकटला तर जगाल. पडला तर पुरचुंडी काढा. यापलीकडे मला काही सांगायचं नाही."

सगळ्यांनी ऐकून घेतलं. दुःखातल्या माणसाचं ऐकून घ्यायची रीत असते. मग एकेक जण उठला, जाताना मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून गेला. बाबांना सोडायला चौघे जिन्यापर्यंत गेले.

शेजारच्या वहिनी मागे राहिल्या. रडून रडून त्यांचे डोळे सुजले होते. रडणं खरं होतं, मास्तरांना ते दिसत होतं.

"भाऊजी, ती मी बसवली," त्या म्हणाल्या. "तुम्ही गेलात आणि रात्रभर कण्हणं अक्कांच्या घरातून आमच्याकडे ऐकू येत राहिलं. सगळे म्हणाले, अक्कांनी जाळी उघडी ठेवली म्हणून. मी त्यांना सांगायला आले. त्या म्हणाल्या, तूच बसव बाई, माझ्यानं स्टुलावर चढवत नाही. मी माझ्या हातांनी दाबून बसवली. पण उशीर झाला होता. तुम्ही आधीच काढली होतीत ना."

तुम्ही मारलंत तिला, असं मास्तरांच्या जिभेवर आलं होतं. पण समोरची बाई अक्काला रोज दूध आणून देत होती, आणि आपण तिला वाचवायला गेलो होतो, असंच तिला मनापासून वाटत होतं.

"वहिनी, तुमच्याकडची पुरचुंडी अजून आहे?"

"आहे ना. आता दुसरीही आणणार."

"काढा ती. आत्ता, माझ्यासमोर. मी काढून देतो हवं तर. भूत आलं तर मी तिथेच बसतो, आधी मला धरू द्या."

वहिनी उठून निघाल्या, मास्तर त्यांच्या मागोमाग त्यांच्या दारापर्यंत गेले. आत गीझर पेटल्याचा भस्सकन आवाज झाला आणि सुनेची हाक आली, "आई, बाळाला आंघोळीला घेतेय हो!"

"वहिनी, निदान न्हाणीघराचं दार उघडं ठेवायला सांगा. पाया पडतो तुमच्या."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, कीव होती.

"भाऊजी, तुम्ही घरी जा, पडा थोडं. आमच्याकडे एवढंसं मूल आहे हो. आम्ही असला धोका कसा पत्करणार?"

आणि त्यांनी दार हलकेच लावून घेतलं. मास्तरांनी बेल वाजवली. पुन्हा वाजवली. मग मुठींनी दार बडवायला सुरुवात केली. वरच्या-खालच्या मजल्यांवरची दारं किलकिली झाली, माणसं डोकावली. बिचाऱ्याला बहिणीचं फार लागलंय, असं एकमेकांना म्हणाली आणि आपापल्या घरात गेली.