न हलणारा काटा

कोल्ड स्टोरेजच्या मशीनघरात एरवी कोणी हौसेने पाऊल टाकत नाही. आवाजाने कान बधिर होतात, अमोनियाच्या वासाने डोळे चुरचुरतात, आणि जमिनीला कायमची ओल. त्या दुपारी मात्र तिथे उभं राहायला जागा नव्हती. हमाल, ट्रकवाले, दारावरचा कारकून, सफरचंदं निवडणाऱ्या आम्ही सगळ्या बायका. समोरच्या दुकानातला न्हावी तर गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच टाकून आलेला. सगळ्यांच्या माना वर आणि नजरा भिंतीवरच्या, दाब दाखवणाऱ्या ताटलीएवढ्या गेजवर.

गेजवरचा काटा हलत नव्हता. चमत्कार तो एवढाच.

पण आमच्या लेखी तो लहान नव्हता. कित्येक दिवस तो काटा अंगात आल्यासारखा नाचत होता, आणि तीन नंबरच्या खोलीकडून येणारा पाइप ठाण ठाण वाजत होता. आत कोणीतरी अडकलंय आणि दार ठोकतंय, असं हमालांचं मत पडलं. कोण, यावर दोन पक्ष होते. काहींच्या मते वारलेला जुना ऑपरेटर, काहींच्या मते थोरल्या मालकांची पहिली बायको. दुसरा पक्ष मोठा होता, कारण त्या बाईंचं जिवंतपणीही कोणी ऐकून घेतलं नव्हतं.

आणि आता सगळं शांत. गेजच्या काचेवर तळवा टेकवून मालकांनी बोलावून आणलेले स्थिरबाबा उभे. पांढरे कपडे, पांढरी चप्पल, आणि एवढ्या तेलकट जागेत दोन्हींवर एक डाग नाही. मला आधी त्याचंच नवल वाटलं.

"लोखंडालाही मन असतं," बाबा म्हणाले. "मन चंचल, म्हणून काटा चंचल. आम्ही दाबाला म्हणालो, बाळा, बस."

"बसला," मालक हात जोडून म्हणाले. आमचे मालक गेल्या महिन्यापर्यंत बिलं तीनदा तपासणारे गृहस्थ.

"हाताची थरथर असो, पायाची असो, जिवाची असो. आमच्याकडे आणा. जो लोखंड थांबवतो, तो काय थांबवणार नाही?"

"माझं गिऱ्हाईक थांबलंय का तेवढं बघून येतो," न्हावी पुटपुटला, पण गेला नाही.

मी हसले, आणि हसता हसता बाजूला पाहिलं. माझ्या दंडाला धरून उभ्या असलेल्या सासूबाईंनी शालीखालून उजवा हात बाहेर काढला होता. त्यांना कंपवात आहे. कप धरला तर चहा बशीत, बशी धरली तर चहा जमिनीवर. डॉक्टरांच्या गोळ्यांनी बरीच वर्षं हिंडत्याफिरत्या होत्या. तो हात त्यांनी एखादी वस्तू दाखवावी तसा बाबांपुढे धरला.

बाबांनी त्यावर बाटलीतलं पाणी शिंपडलं. "गोळ्या घेता?"

"हो."

"बंद करा. गोळी आणि श्रद्धा एका पोटात नांदत नाहीत."

मग बाबांनी गेज आणि त्याच्या खालचा रेग्युलेटर दोन्हींना मिळून एक पांढरं फडकं बांधलं. "याला आता कोणाचा हात लागता कामा नये."

त्या मशीनघराचे मेकॅनिक म्हणजे आमचे हे. ते कोपऱ्यात उभे होते, चिंधीने हात पुसत. पुसतच होते. हात केव्हाचे स्वच्छ झाले होते.

घरी आल्यावर सासूबाईंनी गोळ्यांची डबी माझ्याकडून वरच्या फळीवर ठेवून घेतली. "आई, डॉक्टरांना विचारून तरी," मी म्हणाले.

"डॉक्टरांनी इतक्या वर्षांत थांबवली का थरथर?" त्यांनी डाव्या हाताने उजवा हात मांडीवर घट्ट दाबून धरला. "बघ. थांबली की नाही?"

दाबून धरल्यावर कशाचीही थरथर थांबते. पण त्या इतक्या आनंदात होत्या की मला ते बोलवेना.

"आणि तुझ्या नवऱ्याला जे इतक्या दिवसांत जमलं नाही, ते त्या माणसाने नुसत्या हाताने केलं."

ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि उठून बाहेर गेले. मला वाटलं, लागलं बोलणं. नवऱ्याचा स्वाभिमान दुखावला की त्याला थोडा वेळ उन्हात ठेवावा, आपोआप वाळतो. पण हा ओलावा वाळेना. पुढे रोज तेच. जेवण अर्धवट, आईसमोर बसायचं नाही, आईने हाक मारली की दचकायचं. आपण चोरी केल्यासारखे घरात वावरत होते.

आमच्या घरात वाचायला पहिल्यापासून यंत्रांची माहितीपुस्तकंच जास्त. कथा-कादंबऱ्या नव्हत्या म्हणून मी ती वाचली, आणि न कळलेलं ह्यांच्याकडून समजावून घेतलं. त्यामुळे रेग्युलेटर म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. खोलीतून येणाऱ्या वायूच्या वाटेवरचं ते एक आपोआप चालणारं दार. दाब चढला की उघडतं, उतरला की मिटतं. दाब जितका उतरेल तितकी खोली गार. दार जागेवर असलं की सफरचंदं गार राहतात, पण गोठत नाहीत.

आणि त्या आठवड्यात तीन नंबरच्या खोलीतल्या मागच्या रांगेतली सफरचंदं माझ्या हातात आली. वरून तुकतुकीत, पण वजनाला विचित्र. एक कापलं. आतला गर काचेसारखा, पाणी धरलेला. गोठून सुटलेलं फळ असंच दिसतं. दाराजवळची फळं ठीक होती आणि थर्मामीटरही दाराजवळच, म्हणून कोणाला पत्ता नव्हता.

ती फोड मी घरी आणून ह्यांच्या पुढ्यात ठेवली.

"काटा म्हणतो दाब बरोबर आहे. सफरचंद म्हणतं, नाही. खोटं कोण बोलतंय?"

ह्यांनी फोडीकडे बराच वेळ पाहिलं. "काटा," ते म्हणाले. मग हळूच, "आणि मी."

आणि सगळं बाहेर आलं. रेग्युलेटरच्या पोटात एक बारीक जाळी असते. ती गंजाने तुंबली की दाराला नीट उघडता येत नाही, नीट मिटता येत नाही. ते धडपडतं, आपटतं, पाइप वाजतो. ती धुवायला एक दिवस मशीन बंद हवं. ह्यांनी मागितला, मालकांनी ऐन हंगामात दिला नाही. बाबासाठी मात्र त्यांना अख्खी दुपार सापडली. तर त्या दुपारी सगळे जेवायला गेले असताना ह्यांनी रेग्युलेटरचा हाताने फिरवायचा दांडा पिळून दार उघडंच अडकवून ठेवलं. दार मिटेना, त्यामुळे खोली गारच होत राहिली, पण आपटणं थांबलं. मग गेज. गेजच्या खाली एक छोटा कॉक असतो, नळाच्या तोटीसारखा. काटा फार नाचू नये म्हणून मेकॅनिक तो एरवीही जेमतेमच उघडा ठेवतात. काटा तरीही इतका नाचत होता की गेज तुटेल, म्हणून ह्यांनी तो पुरता मिटला. आणि काटा नाचता नाचता बरोबर आकड्यावर आला, तेव्हाच मिटला.

"बरोबर आकड्यावरच का?"

"उगाच कोणी घाबरायला नको म्हणून."

"बाबा?"

"त्याचा तो जाडा चेला दोन दिवस तिथेच घुटमळत होता. मला म्हणाला, झालं का बंद? मी म्हटलं, तात्पुरतं. त्याला बसायला स्टूलही दिलं मी. तो न बसता पळत गेला. जेवून सगळे परत येतात, तर काचेवर बाबाचा हात."

"तेव्हाच का नाही बोललात?"

"मालक हात जोडून उभे. आई रडतेय. आणि खरं सांगू? इतके दिवस सगळे मला शिव्या घालत होते, त्या एकदम थांबल्या. बरं वाटलं मला. म्हटलं, उद्या सांगू. उद्यापर्यंत आईने गोळ्या सोडल्या. मग सांगायचं तर तेही सांगावं लागलं असतं."

"आता आईंना सांगा."

"सांगतो," म्हणाले, आणि सांगितलं नाही. मीही दुसऱ्या दिवशी वाट पाहत बसले, ह्यांनी बोलावं, मी बोलले तर ह्यांचा अपमान होईल म्हणून. शहाणपणाच्या नावाखाली माणूस किती भित्रेपणा खपवतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई न्हाणीच्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या आणि त्यांचं पाऊल उचलेना. हात लाकडासारखा ताठ. चेहऱ्यावरून हसू पुसून टाकल्यासारखं. मी गोळीची डबी काढली, त्यांनी दात घट्ट मिटले. डॉक्टरांनी फोनवर आधी मला झापलं. ही औषधं एकदम सोडायची नसतात, शरीर आखडतं, जिवावर बेततं, ताबडतोब घेऊन या.

"आधी बाबांकडे," सासूबाई म्हणाल्या. शब्दही अडकत होते. "पायसुद्धा थांबवले वाटतं त्यांनी. जरा जास्तच झालं, म्हणावं."

त्या थट्टा करत होत्या आणि घाबरल्या होत्या. ह्यांच्या तोंडावरचा रंग उडाला. त्यांनी शेजारच्यांना हाक मारली, आईला खुर्चीसकट उचललं आणि मशीनघराकडे निघाले. मला वाटलं, हेही आता बाबाच्या नादी लागले.

त्या दुपारपासून तिथेच चाललेला बाबांचा दरबार भरलेलाच होता. थरथरणारे, लंगडणारे, झोप न येणारे, सगळे रांगेत. ह्यांनी खुर्ची थेट गेजखाली नेऊन ठेवली.

"मालक, मशीन बंद करतोय."

"अरे, बाबा बसलेत."

"बसू दे." त्यांनी बटण दाबलं. एवढं मोठं धूड घरघरत थांबलं. इतकी शांतता तिथे कोणी कधी ऐकली नव्हती. "आता मशीन बंद. दाब हलायला हवा. काटा हलला?"

"नाही," मालक म्हणाले.

"मशीन बंद असून बाबांनी दाब धरलाय," चेला गरजला, आणि मागचे चार जण आणखी खाली वाकले.

ह्यांचा चेहरा मला अजून आठवतो. पाडायला गेलेल्या भिंतीवर आणखी एक मजला चढला होता. क्षणभर वाटलं, आता हा माणूस पुन्हा गप्प बसणार. मग ते आईच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसले. पांढरं फडकं सोडलं. आईचा ताठलेला हात उचलून गेजखालच्या बोटाएवढ्या कॉकवर ठेवला.

"आई, फिरव."

"मी?"

"तूच. मी हात लावत नाही."

सासूबाईंना वेळ लागला. कॉक फिरला, आणि काटा धपकन खाली कोसळला. गर्दीतून श्वास ऐकू आला. मग बंद मशीनचा काटा जसा चढायला हवा, तसा तो हळूहळू वर सरकू लागला.

"आता मिट."

त्यांनी मिटला. काटा होता तिथे थिजला.

"उघड."

काटा पुन्हा चालू लागला. त्यांनी कोणी न सांगता पुन्हा मिटला. थांबला. त्यांनी काट्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"म्हणजे मीपण बाबा झाले की," सासूबाई म्हणाल्या.

न्हावी पहिला हसला.

"या अश्रद्ध माणसाने दाब बिघडवला," बाबा उठत म्हणाले.

"मीच बिघडवला," हे म्हणाले. "त्या दुपारी कॉक मिटला तो मी. पाइप गप्प केला तोही मी. दाब थांबला नव्हता, दिसायचा थांबला होता. आत तीन नंबरमधली सफरचंदं गोठली, आणि इथे आपण सगळे काट्याच्या पाया पडत होतो. तुमच्या चेल्याने मला कॉक मिटताना पाहिलं. मी त्याला बसायला स्टूल दिलं होतं."

सगळ्यांनी चेल्याकडे पाहिलं. तो त्याच स्टुलावर बसला होता. घाईघाईने उठला, आणि तेवढ्यानेच बऱ्याच जणांची खात्री पटली.

"मग इतके दिवस तोंडात काय धरलं होतंस?" मालक ओरडले.

सासूबाईंनी विचारलं ते मात्र हळू आवाजात. "तू गप्प बसलास ते माझ्यासाठी की तुझ्यासाठी?"

"माझ्यासाठी."

त्यांनी कॉकवरचा हात काढून मांडीवर ठेवला. मग माझ्याकडे वळल्या. "सूनबाई, डबी आणलीयस का?"

आणली होती.

तिथून सरळ दवाखाना. बाबा आणि चेला कधी निघून गेले ते आम्ही पाहिलंही नाही. दुसऱ्या दिवशी मालकांनी मशीन बंद ठेवायला दिलं. ह्यांनी रेग्युलेटर दोन्ही बाजूंनी बंद करून आतला वायू काढला, झाकण उघडलं, जाळी बाहेर काढली. चिमूटभर गंज निघाला. हमाल मुद्दाम बघायला आले आणि थोडे निराश होऊन गेले. थोरल्या मालकांच्या पहिल्या बायकोला यावेळीही कोणी भेटलं नाही.

सासूबाईंचं आखडणं कमी झालं, पण चालणं पूर्वीसारखं परत आलं नाही. आता न्हाणीपर्यंत हे त्यांना धरून नेतात. त्या नको म्हणतात, हे ऐकत नाहीत.

मला एवढंच सांगायचंय. बाबाने आम्हाला फसवलं ते त्याच्या विद्येच्या जोरावर नाही, आमच्या गप्प बसण्याच्या जोरावर. गेज दाब मोजतं, दाब धरत नाही, आणि काट्याला हात लावून आतलं काही बदलत नाही. चालू यंत्राचा काटा जरासा थरथरतोच. तो दगडासारखा स्थिर दिसला, तर वाकून नमस्कार करण्याआधी वाकून कॉक बघा. कोणी तुमच्या माणसाची गोळी बंद करायला सांगितली, तर डॉक्टरांना विचारा, त्याच दिवशी विचारा. आणि तुम्हाला खरं ठाऊक असेल, तर उद्यावर टाकू नका. त्या एका उद्याची किंमत आमच्या घरात दुसऱ्याच कोणी तरी मोजली.

हे आता मशीनघरात गेले की सगळ्यात आधी तो छोटा कॉक उघडून पाहतात. परवा चहा पिताना सासूबाईंचा कप हलला, थोडा बशीत सांडला. ह्यांनी मान खाली घातली.

"खाली काय बघतोस?" त्या म्हणाल्या. "हलतोय ना? मग चालू आहे."