मोर्चात गेलेला वाखाचा दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. खरं सांगायचं तर आता अर्धाच उरलो आहे. पण जन्मलो तेव्हा मी इतका लांब होतो की, कापसानं शिगोशिग भरलेली बैलगाडी मला दोन वेळा आवळता यायची.

बार्शीटाकळीच्या पुढं, डांबरी रस्त्याचा फाटा सोडून आत वळलं की पंजाबरावांचं गाव लागतं. त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर अंबाडी उगवायची. कोवळ्या पानांची भाजी व्हायची आणि वाढलेली झाडं कापली की नाल्याच्या पाण्यात दगडाखाली भिजत पडायची. ती चांगली कुजली की त्यांची साल सोलून, धुऊन, उन्हात वाळवून वाख, म्हणजे चिवट तंतू, काढायचा. त्याच वाखापासून पंजाबरावांनी मला वळलं. अंगणातल्या कडुनिंबाला एक टोक बांधून ते पीळ देत देत मागं सरकत गेले. तीन पदर एकमेकांत बसले आणि मी दोर झालो.

पंजाबरावांना एक सवय होती. कापूस वेचणीच्या आधी ते मला खुंटीवरून काढायचे आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन्ही तळहातांमधून सावकाश फिरवायचे. कुठं पदर सैल झाला असेल तर तिथल्या तिथं नवा वाख घालून घट्ट करायचे. शेजारचे म्हणायचे, "पंजाबरावचा दोर हाय बाप्पा, याले हत्ती बांधा." ते ऐकून माझा पीळ आणखी घट्ट व्हायचा.

मग नायलॉनचे निळे-पिवळे दोर आले. ते हलके, स्वस्त, पावसात न सडणारे. मी गोठ्याच्या खुंटीवर टांगून राहिलो. एके दिवशी म्हशीचा धक्का लागून खुंटीवरून घसरलो आणि कुटाराच्या, म्हणजे गुरांच्या भुशाच्या, ढिगामागं पडलो. कुणी उचललं नाही.

त्या अंधारात मला पहिल्यांदा भीती म्हणजे काय ते कळलं. उंदीर यायचे. त्यांच्या दातांचा बारीक आवाज आधी लांबून यायचा, मग जवळ आणि मग माझ्याच अंगात. माझ्या मध्यावरचे दोन पदर त्यांनी हळूहळू कुरतडले. तिसरा तेवढा राहिला. वरून पाहणाऱ्याला काही दिसलं नसतं, कारण वाखाचे तंतू सुटून त्या जागेवर पिंजारलेले होते. मला मात्र माहीत होतं. दोराला तोंड नसतं, मित्रांनो. त्याला जे माहीत असतं ते त्याच्यापाशीच राहतं.

पंजाबरावांची नात प्रणाली तेव्हा अकोल्याच्या कॉलेजात जायची. तिला नर्सिंग शिकायचं होतं, पण सरकारी कॉलेजातली जागा थोडक्यात हुकली आणि खाजगीची फी परवडणारी नव्हती. संध्याकाळच्या बसनं ती फाट्यावर उतरायची. तिथून गावापर्यंतची वाट दोन्ही बाजूंनी तुरीच्या शेतांतून जाते. भादव्यात तूर माणसाच्या डोक्याच्या वर जाते.

त्याच दिवसांत दूरच्या एका जिल्ह्यातून बातमी आली. एका शाळकरी मुलीवर फार वाईट प्रसंग ओढवला होता आणि ती जिवानिशी गेली होती. ती बातमी आली आणि आमच्या घरातलं बोलणंच कमी झालं. प्रणालीची आई दुर्गाबाई दूध काढायला गोठ्यात यायच्या, पण अर्धी बादली भरली की हात थांबायचे आणि त्या दाराकडं बघत बसायच्या. एका संध्याकाळी प्रणालीला यायला उशीर झाला. ती गोठ्याच्या दारात आली तेव्हा दुर्गाबाईंनी बादली बाजूला सारली. मग एकदम म्हणाल्या,

"उद्यापासून कालेज बंद."

"आई, बस पंक्चर झाली होती."

"मले काई सांगू नको. बस पंक्चर होते, उद्या आणखी काई होईल. मी इथं रोज मरून राह्यली."

प्रणालीनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "अकोल्याले मोर्चा हाय. त्या पोरीले न्याय पाह्यजे म्हणून, अन् आपल्या मराठ्यायले आरक्षण पाह्यजे म्हणून. बाया-पोरी समोर चालणार हायेत. मी स्वयंसेवक हावो. तू बी चाल. मोर्चा पाह्य. मग मले घरी बस म्हण, मी बसीन."

दुर्गाबाईंनी पदर तोंडाशी धरला. "लाखानं माणूस जमते तिथं. चेंगरून मेलं तर?"

मोर्चाचा नियम गावागावांत सांगितलेला होता. घोषणा नाही, भाषण नाही, तोंडातून शब्दही काढायचा नाही. पुढं मुली, मागं बायका, त्यांच्या मागं पुरुष. मुलींच्या रांगांना दोन्ही बाजूंनी दोराचं कडं करायचं होतं. गावातला शेखर स्वयंसेवकांचा प्रमुख होता. त्यानं निरोप दिला होता, "नायलॉन आणू नका, हात कापतात. जाड दोर असंल तर आणा."

निघायच्या सकाळी प्रणालीनं आबांचा जुना दोर शोधत कुटार उपसलं आणि मला ओढून बाहेर काढलं. धूळ झटकून माझं वेटोळं खांद्यावर टाकलं. पंजाबराव ओट्यावर बसले होते. मला बघून त्यांनी हात पुढं केला.

"आण इकडं. हातातून काढू दे एकदा."

"आबा, गाडी उभी हाय. सारे बसले."

गाडीचा हॉर्न वाजला. त्यांचा हात तसाच पुढं राहिला आणि प्रणाली पळाली. माझ्या मध्यावरची ती जागा तिच्या खांद्याला घासत होती. तिला ती नुसती खरखरीत वाटली असेल.

मित्रांनो, मी जत्रा पाहिली होती, कापूस बाजार पाहिला होता. अकोल्यात त्या दिवशी जे पाहिलं ते वेगळंच होतं. रस्ता दिसत नव्हता, नुसती डोकी दिसत होती. आणि आवाज? घरातली माणसं झोपल्यावर जेवढा असतो तेवढाच. चपलांची घसट, एखाद्या लेकराचं रडणं, कुणाचा खोकला. एवढी माणसं आणि एवढी शांतता, याचंच मला भय वाटत होतं. दुकानांच्या वरच्या मजल्यांवरून लोक बघत होते, तेही बोलत नव्हते.

आठ-दहा मुलींनी मला धरलं होतं. दोराला न बघताही तळहात कळतात. एकीचे हात गार होते, एकीचे घामेजलेले. प्रणाली माझ्या मध्यावर होती. दोराच्या आतल्या बाजूला, तिच्यापासून हातभर अंतरावर दुर्गाबाई चालत होत्या. त्यांची नजर मोर्चावर नव्हतीच, ती सारखी लेकीवर होती.

पुढं एका जागी रस्ता निमुळता होत होता. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला दुकानं आणि त्यांच्या मधून एक गल्ली फुटलेली. गल्लीच्या तोंडाशी भाजीच्या हातगाड्या लावलेल्या होत्या. त्यांतली ऐन तोंडावरची इंदूबाईंची होती. इंदूबाई आमच्याच गावच्या, माळ्याच्या घरच्या. मळ्यातली वांगी-टमाटे घेऊन त्या रोज अकोल्याला यायच्या. आज रस्ता बंद झाल्यामुळं त्या तिथंच अडकल्या होत्या. दुर्गाबाईंना बघून त्यांनी नुसती मान हलवली.

पुढची रांग थांबली. का थांबली ते मागच्यांना कळलं नाही. ते चालतच राहिले. तेवढ्यात कुठंतरी विजेच्या डीपीवर मोठा आवाज झाला आणि ठिणग्या पडल्या.

कुणी ओरडलं नाही. ओरडलं असतं तर बरं झालं असतं. कुजबूज सुरू झाली. "दगड मारले." "काय झालं?" "गोळी हाय काय?" ती कुजबूज माझ्यावरून या टोकाकडून त्या टोकाकडं गेली आणि जाता जाता प्रत्येक हात घट्ट करत गेली. मागून रेटा आला. मुली माझ्यावर आदळल्या. मी ताणलो गेलो. गाडीभर कापसानं कधी एवढं ताणलं नव्हतं.

मला ओरडावंसं वाटलं, मला सोडा, मी इथं कच्चा आहे, माझ्यावर विसंबू नका. पण कुणाला सांगणार? माझा तो एकच उरलेला पदर एकेक तंतू करून तुटत होता. प्रत्येक तंतू तुटताना टिक् असा आवाज यायचा. तेवढ्या शांततेत मला तो फार मोठा वाटत होता.

आणि मी तुटलो.

कडं उघडलं. रेट्यानं दोन-तीन मुली पुढं फेकल्या गेल्या. एक लहान मुलगी आईच्या हातातून सुटून खाली पडली. माझं एक टोक तिच्याच शेजारी पडलं होतं, म्हणून मला दिसलं. तिच्या चेहऱ्याभोवती नुसते पाय होते. चपला, बूट, अनवाणी टाचा. ती रडतही नव्हती. तोंड उघडं होतं, श्वास अडकला होता.

प्रणालीनं झडप घालून माझी दोन्ही टोकं पकडली, दोन्ही मनगटांना वेढे दिले आणि मध्ये उभी राहिली. आता दोराचा तुटलेला तुकडा तीच झाली होती. दोन्हीकडून ओढ बसत होती. वाख तिच्या कातडीत रुतला, मला तिचं रक्त लागलं. तिनं ओरडायला तोंड उघडलं, पण भीतीनं आवाजच फुटला नाही.

तेव्हा दुर्गाबाई ओरडल्या.

"मागं सरका! लेकरू पडलं! मागं सरका रे बाप्पा, लेकरू मरते!"

सगळा जमाव गप्प होता, म्हणूनच तो एका बाईचा आवाज दूरवर ऐकू गेला. दुसऱ्या एखाद्या मोर्चात घोषणांमध्ये तो बुडाला असता. मागचे थबकले. शेखरनं दोन्ही हात वर केले. त्याच्या मागच्यानं केले, त्याच्याही मागच्यानं. हात वर होत होत पार मागपर्यंत गेले. तरी मधली माणसं भिंतीशी दाबली जात होती, त्यांना जायला जागा नव्हती. इंदूबाईंनी ते पाहिलं. त्यांनी हातगाडीला खांदा लावला आणि ती टमाट्यांसकट गल्लीच्या कडेला उलटून दिली. गल्लीचं तोंड मोकळं झालं.

"इकडं या! पोरींनो, इकडं!"

माणसं गल्लीत शिरली. रेटा सैल झाला. दुर्गाबाईंनी त्या लहानगीला उचलून छातीशी धरलं. थोड्या वेळानं ती मोठ्यांदा रडली. ते रडणं ऐकून आजूबाजूच्या बायकाही रडल्या, तोंडाला पदर लावून, आवाज न करता. मग रांगा पुन्हा लागल्या. मोर्चा पुढं गेला, मुलींनी कलेक्टर साहेबांना निवेदन दिलं आणि लोक आपापल्या घरी परतले.

परतीच्या गाडीत दुर्गाबाई मान खाली घालून बसल्या होत्या. "मी बोलली," त्या शेखरला म्हणाल्या. "बोलाचं नव्हतं तिथं."

"काकू, तुमी नसत्या बोलल्या तर..." शेखर एवढंच म्हणाला. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

घरी आल्यावर पंजाबरावांनी आधी नातीची मनगटं पाहिली, हळद भरली. मग माझी दोन्ही टोकं हातात घेतली. बोटांना दातांच्या खुणा लागल्या. "उंदरानं खाल्ला होता वं हा," ते म्हणाले. "तरी ताणला गेला बिचारा. म्याच धरून ठेवाचा होता सकाळी."

प्रणाली आईसमोर उभी राहिली. "सांग आता. घरी बसू?"

दुर्गाबाई म्हणाल्या, "भेव गेलं नाई माह्यं. वाढलंच. पण घरी बसू नको. मीच फाट्यावर येत जाईन."

दुसऱ्या दिवसापासून त्या संध्याकाळी फाट्यावर जाऊ लागल्या. इंदूबाईंची लेक खुशीही पुढं त्याच बसनं शाळेत जाऊ लागली, म्हणून इंदूबाईंनी तिथंच भाजीचं लहान दुकान मांडलं. त्याची ताडपत्री बांधायला पंजाबरावांनी माझा एक अर्धा त्यांना दिला. तोच मी. दुसरा अर्धा घरी राहिला. पंजाबराव गेले तेव्हा त्यांची तिरडी त्यानंच बांधली. ज्या हातांनी मला वळलं त्यांच्याबरोबर तो गेला.

वर्षं गेली. कधी आरक्षण मिळाल्याचे पेढे आले, कधी कोर्टाची बातमी आली आणि तोंडं उतरली. मग एक दिवस असा आला की, गावात आरक्षणावरून आमचं आणि तुमचं सुरू झालं. मराठे एका पारावर बसू लागले, माळी दुसऱ्या. कुणीतरी इंदूबाईंना सांगितलं, "ते तुमच्या लेकराच्या ताटातलं घेणार हायेत." कुणीतरी दुर्गाबाईंना आणखी काही सांगितलं. दोघी बोलेनाशा झाल्या. फाट्यावर मात्र दोघी यायच्या. एक रस्त्याच्या या बाजूला, एक त्या बाजूला. मध्ये डांबरी रस्ता. गर्दीत तुटलो तेव्हाही मला एवढी भीती वाटली नव्हती.

एका संध्याकाळी बस आलीच नाही. दिवस बुडाला. फोन लागेना. प्रणाली आता अकोल्याच्या एका लॅबमध्ये नोकरीला आहे, खुशी कॉलेजात. दोघीही त्याच बसमध्ये होत्या. तुरीतून वारा सुटला की दोन्ही बाया वळून बघायच्या. शेवटी इंदूबाई उठल्या, रस्ता ओलांडला आणि दुर्गाबाईंच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"मले भेव लागून राह्यलं," त्या म्हणाल्या.

"मले बी," दुर्गाबाई म्हणाल्या आणि त्यांचा हात धरला.

बस आली. पुलावर एक ट्रक आडवा झाला होता, एवढंच. दोन्ही पोरी हसत उतरल्या आणि आयांचे चेहरे बघून पळतच त्यांच्याजवळ आल्या.

मित्रांनो, मी अर्धा दोर, तुम्हाला शहाणपण काय शिकवणार! एवढंच मागतो. कुणावर भार टाकण्याआधी त्याला एकदा हातातून फिरवून बघा. गाडी उभी असली तरी बघा. आणि जो गप्प आहे, त्याला काही होत नाही असं समजू नका. त्याच्याजवळ जाऊन उभे राहा आणि विचारा. आता इंदूबाई ताडपत्री सोडायला आल्या आहेत. त्या दिवसापासून रोज जातात तशा चौघी मिळून तुरीच्या वाटेनं गावाकडं निघतील. पुढं कोण, मागं कोण, हे त्या ठरवत नाहीत. वाट अरुंद आहे, तरी जमेल तितक्या शेजारी शेजारी चालतात.