लाल दिव्यावरची चिकटपट्टी

"निघालं! निघालं!" एकच गलका झाला.

शाळेमागच्या गाडीतळावर वीसेक ड्रायव्हर एका घडीच्या टेबलाभोवती दाटीवाटीने उभे होते. टेबलावर काळ्या ऑइलचा वाडगा होता आणि त्यातून लोहवैद्यांनी नुकतंच चुंबकाचं कडं वर काढलं होतं. कड्याला लोखंडाच्या किसाची अशी दाढी फुटली होती की पुढचे दोघे मागे सरकले.

"हे तुमच्या इंजिनाच्या हाडांचं पीठ!" लोहवैद्य गरजले. "हेच पीठ इंजिनाला आतून खातं. हे कडं ऑइल फिल्टरवर बाहेरून बसवा, ते लोखंड खेचून धरेल. ऑइल जन्मभर स्वच्छ! पथ्य एकच. पुन्हा ऑइल बदलायचं नाही, फिल्टर काढायचा नाही. काढलात की ओढ तुटली."

"आणि ऑइलचा लाल दिवा लागला तर?" कुणीतरी विचारलं.

"उत्तम! रोग बाहेर पडताना अंग तापतंच ना? दिवा लुकलुकला की समजा, गुण येतोय."

लोहवैद्य ही पदवी त्यांना कुणी दिली ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. पण माझ्या थोरल्या भावाने, दादाने, तिथल्या तिथे कडं घेतलं. दादा शाळेची बस चालवतो आणि मी त्याच बसमध्ये ताई आहे. मुलांना चढवते, उतरवते, मोजते. बत्तीस मुलं. त्यातली एक माझी लेक, दादाच्या बरोबर मागच्या सीटवर बसणारी. दोन वर्षांपूर्वी बसचं इंजिन जाम झालं होतं आणि बस दोन महिने उभी होती. तेव्हापासून इंजिनाचा आवाज जरा बदलला की दादाचा चेहरा उतरायचा. लोहवैद्यांनी नेमकं त्या धास्तीवर बोट ठेवलं.

सात महिन्यांनी दिवा लुकलुकू लागला.

आमची वस्ती टेकडीवर, शाळा खाली. मध्ये सात वळणांचा उतार, डाव्या हाताला दरी. पहिल्या वळणावर दिवा लागायचा आणि मी दादाच्या सीटपाशी जायचे.

"दादा, दिवा लागलाय."

"लागू दे. गुण येतोय."

"अरे, लाल दिवा कधी चांगलं सांगायला लागतो का?"

"तू मुलं मोज. इंजिन मी बघतो."

मुलं विचारायला लागली तेव्हा त्याने दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. तळावर तर चढाओढच होती. "माझा कालपासून विझलाच नाही!" असं एक जण छाती फुगवून सांगत होता, आणि बाकीचे त्याच्याकडे हेव्याने बघत होते. मी डोक्याला हात लावला. रात्री अंथरुणावर पडलं की मला ती दरी दिसायची.

मग तो सोमवार आला. चौथ्या वळणावर इंजिनातून टकटक ऐकू येऊ लागली. आत कुणी हातोडी घेऊन बसलं असावं तशी. चिकटपट्टीच्या कडेने लाल उजेड झिरपत होता.

"दादा, थांबव."

"उतारावर कुठे थांबवू? आणि दिवा म्हणजे गुणच, सांगितलंय त्यांनी."

"दादा, माझी पोर आहे रे यात!"

त्याची मान घामाने भिजली होती. तोही घाबरलाय हे मला तेव्हा कळलं, आणि मी जास्तच घाबरले. इंजिन तिथे जाम झालं असतं तर स्टेअरिंग दगडासारखं जड झालं असतं. माझी लेक गाणं म्हणत होती. मी तिच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरून उभी राहिले.

शाळा आली. मुलं उतरली. मी मोजली, पुन्हा मोजली. चार वाजता हीच मुलं याच बसने वर जायची होती. चढावर इंजिन गेलं असतं तर?

दुपारी लोहवैद्य नेहमीसारखे कडी विकायला तळावर हजर झाले. टकटक ऐकून म्हणाले, "एक कडं कमी पडतंय. दुसरं बसवा."

मुलं सांभाळणाऱ्या बाईची नजर तोंडाकडे नाही, हातांकडे असते. मी कधीचं बघत होते, कडं बुडवण्याआधी हा माणूस दर वेळी स्वतःच्या लाकडी काठीनेच ऑइल ढवळतो. दुसऱ्या कुणाची पळीसुद्धा त्याने कधी घेतली नाही. तळावरचे म्हातारे मिस्त्रीकाका या कड्यांवर पहिल्यापासून चिडलेले. मी त्यांच्या गॅरेजमध्ये गेले, दुकानातून आणलेला सीलबंद डबा त्यांच्याच हाताने फोडवला आणि नव्या ऑइलमध्ये चिमूटभर काजळी कालवली. वाडगा घेऊन आले तेव्हा घाईत थोडं ऑइल पायावर सांडलं.

"आमच्या बसचं आहे. बघता का?"

लोहवैद्यांनी काठी घातली, गोल गोल ढवळलं, कडं बुडवलं, वर काढलं. भरघोस दाढी!

"अरे रे! इंजिन शेवटच्या घटका मोजतंय. दोन नाही, तीन कडी लागतील!"

"काय सांगता?" मिस्त्रीकाका पुढे आले. "या ऑइलने अजून इंजिन बघितलेलंच नाही. घटकाभरापूर्वी डब्याचं सील मी फोडलंय. हा घ्या डबा."

लोहवैद्य टेबलाची घडी घालू लागले. "श्रद्धा नसली की कडं काम करत नाही."

"आत्ता तर भरपूर केलं की!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि पहिल्यांदाच हशा पिकला.

मी टेबलावरचं दुसरं, कोरडं कडं उचलून त्यांच्या काठीच्या टोकाजवळ नेलं. ते टकन चिकटलं.

"लाकडाला चुंबक कधीपासून चिकटायला लागलं हो?"

मिस्त्रीकाकांनी काठीचं टोक पान्याने ठेचलं. आत भोक होतं आणि त्यात ग्रीसमध्ये कालवून ठासलेला लेथवरचा लोखंडाचा कीस. ढवळलं की थोडा थोडा सुटत होता. एवढाच चमत्कार.

मग काका आमच्या बसखाली शिरले. ऑइल बाहेर येईना, डांबरासारखं ठिबकत राहिलं. त्यांनी फिल्टर कापून दादापुढे धरला.

"हे बघ, कड्यासमोर चिमूटभर लोखंड धरलं गेलंय. चुंबकाचा काही दोष नाही, त्याने त्याचं काम केलं. पण काजळी, धूळ, जळून घट्ट झालेलं ऑइल, हे चुंबकाला कसं धरता येणार? ते सगळं इथे साचलं. आत ऑइल पोचत नाही, हेच तो दिवा बोंबलून सांगत होता. आणि तू त्याचं तोंड बांधलंस."

दादा बसच्या पायरीवर मटकन बसला. "चौथ्या वळणावर मला कळलं होतं गं," तो म्हणाला. "पण चुकलो असं मानायचं तर..." मला त्याचा राग आला होता, आणि रडूही. मग तो उठला, आत गेला आणि नखाने चिकटपट्टी ओरबाडून काढली. बाकीचे ड्रायव्हर आपापल्या गाड्यांकडे धावले. लोहवैद्य टेबल तिथेच टाकून कधी पसार झाले ते कुणाला कळलंच नाही. त्या दिवशी मुलांना पालक येऊन घेऊन गेले. बस तळावरच राहिली.

माझं सांगणं साधं आहे. कुणी चमत्कार दाखवला, तर म्हणा, आता आमच्या भांड्यात, आमच्या वस्तूंनी करून दाखवा. आणि धोक्याच्या खुणेलाच जो गुण म्हणतो, त्याच्यापासून पोराबाळांना लांब ठेवा. घाबरायला हरकत नाही. घाबरलात की तपासा, झाकू नका.

तीन आठवड्यांनी, इंजिनाचं काम झाल्यावर, आम्ही पुन्हा त्या उताराला लागलो. माझी लेक गात होती. चौथं वळण आलं. दादाची नजर रस्त्यावर होती.

"दिवा लागलाय का बघ गं."

"नाही दादा."

"पुन्हा बघ."

मी पुन्हा बघितलं.